बेसबॉल कार्डांच्या मांडणीची पारख आणि क्रमवारी कशी करावी

बेसबॉल कार्डे म्हणजे पुढे खेळाडूचे चित्र आणि मागे त्याची माहिती असलेली, जमवण्यासाठी काढलेली छापील कार्डे; कंपन्या त्यांचे वर्षागणिक संच काढतात. त्यांच्या मांडणीची, म्हणजे चौकट, अक्षरे व रंग यांच्या रचनेची, क्रमवारी लावायला बसलेला माणूस बहुतेक वेळा मांडणीऐवजी खेळाडूलाच गुण देऊन मोकळा होतो. टॉप्स कंपनीचा १९५२चा संच घेऊ. सर्वोत्तम मांडण्यांच्या याद्यांत तो हमखास वरच्या जागी असतो, आणि त्याचे कारण विचारले की ३११ क्रमांकाचे, मिकी मँटल या नामांकित खेळाडूचे कार्ड पुढे केले जाते. मँटल बाजूला ठेवून त्याच संचातील कोणा राखीव झेलरक्षकाचे (कॅचरचे) कार्ड हातात घेतल्यावर जे दिसते, त्यावरच मांडणीचे गुण ठरायला हवेत. माझ्या पहिल्या यादीत १९५२ पहिला होता. ही कसोटी लावल्यानंतर तो पाचव्या जागेवर गेला आणि तिथे तो मला आजही योग्य वाटतो.

आधी मैदान आखून घ्यावे. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेली टी-२०६ मालिका किंवा गौडी कंपनीचा १९३३चा संच ही मुळात छापील चित्रे आहेत, आणि त्यांना छायाचित्रांवर उभ्या असलेल्या कार्डांच्या रांगेत बसवणे म्हणजे तैलचित्र आणि वर्तमानपत्र यांची तुलना करणे होय. त्यांची यादी वेगळी असावी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कार्डांतही एक सीमारेषा आहे. १९५७मध्ये टॉप्सने कार्डाचा आकार अडीच इंच बाय साडेतीन इंच असा केला आणि रंगवलेल्या चित्रांऐवजी रंगीत छायाचित्रे वापरली. हाच आकार पुढे सर्वांनी स्वीकारला. त्यामुळे १९५७पासूनच्या संचांची तुलना सरळ होते, आणि त्याआधीच्या काही वर्षांसाठी थोडी सूट द्यावी लागते.

पारखायचे असते ते कार्ड नव्हे, संच. प्रत्येक संचातून दहा कार्डे निवडावीत, आणि त्यांतली निदान सहा तरी कोणाला फारशी आठवत नसलेल्या खेळाडूंची असावीत. उरलेल्या चारांत एक मोठा खेळाडू, एक संघाचे कार्ड, एक अनेक नवोदितांचे मिळून काढलेले कार्ड आणि एक संघबदल झालेल्या खेळाडूचे, म्हणजे टोपी व गणवेश एअरब्रशने रंगवून बदललेले कार्ड घ्यावे. मांडणी कुठे तुटते ते याच कार्डांवर कळते. टॉप्सच्या १९६३च्या संचात (पुढेही कंपनीचे नाव नसेल तिथे संच टॉप्सचाच समजावा) पुढे नावाजलेल्या पीट रोझचा चेहरा इतर तिघांच्या चेहऱ्यांसोबत एकाच कार्डावर आहे. एका खेळाडूसाठी आखलेल्या जागेत चौघांना बसवायची वेळ आली की आखणाऱ्याचे कसब उघडे पडते. याशिवाय समान धागा म्हणून एकच खेळाडू वर्षानुवर्षे पाहावा. हँक ॲरन यासाठी उत्तम आहे, कारण १९५४ ते १९७६ अशा सलग तेवीस वर्षांच्या टॉप्स संचांत तो आहे. त्याची कार्डे ओळीने मांडली की माणूस तोच राहतो, आणि बदलतात ती फक्त चौकट, अक्षरे व रंग. (त्याचे १९५७चे कार्ड पाहताना गोंधळू नये. निगेटिव्ह उलटी छापली गेल्यामुळे तो त्यात डावखुरा दिसतो. ही चूक छपाईपूर्व तयारीची आहे, मांडणीची नव्हे.)

कार्ड पडद्यावर मोठे करून पाहू नये. ते तळहातात मावण्यासाठी बनलेले आहे, त्यामुळे प्रत्यक्ष कार्ड नसेल तर निदान प्रत्यक्ष आकाराची प्रत काढावी. ती हातभर अंतरावर धरून तीन सेकंद पाहावी आणि मग उलटी ठेवावी. खेळाडूचे नाव, संघ आणि त्याची खेळण्याची जागा यांपैकी काय लक्षात राहिले, ते लिहून काढावे. या साध्या परीक्षेत काही नावाजलेले संच अडखळतात. १९७२च्या संचात संघाचे नाव कमानीखाली इतक्या मोठ्या आणि भडक अक्षरांत आहे की ते विसरताच येत नाही, पण खेळाडूची जागा पुढच्या बाजूला छापलेलीच नाही. तरीही मी १९७२ला वर ठेवतो, कारण त्या काळाचा रंग इतक्या बिनधास्तपणे अंगावर घेणारा दुसरा संच नाही. मात्र हा माझा कल आहे, आणि कल कुठे वापरला ते यादीत नोंदवून ठेवणे हेही परीक्षकाचे कामच आहे.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: चौकटीला काही कारण आहे का? यासाठी लाकडी चौकटीचे तीन संच शेजारी ठेवावेत, म्हणजे मुद्दा आपोआप उलगडतो. बोमन या दुसऱ्या कंपनीच्या १९५५च्या संचात आडव्या कार्डावर दूरचित्रवाणी संचाची लाकडी पेटी काढलेली आहे आणि खेळाडू तिच्या पडद्यावर दिसतो. कल्पना चतुर आहे आणि त्या वर्षांचे नवल तिच्यात नेमके पकडलेले आहे, पण पेटीने एवढी जागा खाल्ली आहे की खेळाडू आपल्याच कार्डात पाहुणा वाटतो. १९६२च्या टॉप्स संचात लाकूड म्हणजे भिंत आहे. छायाचित्र तिच्यावर लावलेले आहे, त्याचा खालचा उजवा कोपरा वळून वर आला आहे, आणि त्या वळणाखाली उघड्या पडलेल्या लाकडावर खेळाडूचे व संघाचे नाव आहे. कार्ड जवळ घेऊन तो वळलेला कोपरा पाहावा: नावासाठी जागा हवी होती, ती आखणाऱ्याने पट्टी न ओढता एका छोट्या दृश्यातून मिळवली आहे. १९८७च्या ७९२ कार्डांच्या संचात मात्र लाकूड हे नुसतेच लाकूड आहे. वर डाव्या कोपऱ्यात संघाचे चिन्ह, खाली उजवीकडे रंगीत पट्टीत नाव, आणि भोवती तपकिरी किनार. ते नीटनेटके आहे, वाचताही येते, पण त्या किनारीऐवजी संगमरवर किंवा कापड छापले असते तरी कार्डाच्या अर्थात काही फरक पडला नसता. म्हणून १९६२ वर, १९५५चा बोमन मध्ये आणि १९८७ खाली. हीच कसोटी १९६८च्या गोणपाटासारख्या पोताच्या किनारीला लावली तर तोही संच घसरतो.

याच्या नेमके विरुद्ध उदाहरण १९५३च्या रंगीत बोमन संचाचे आहे. त्याच्या पुढच्या बाजूवर एकही अक्षर नाही. फक्त छायाचित्र आणि पांढरी किनार. वरच्या तीन सेकंदांच्या परीक्षेत तो सपशेल नापास होतो, आणि तरी त्याला खाली टाकायला कोणाचा हात धजावणार नाही. अशा वेळी नियम वाकवण्यापेक्षा त्या संचाला यादीबाहेर स्वतंत्र उल्लेख द्यावा, असे माझे मत आहे.

छायाचित्र आणि मांडणी यांची फारकत करणे कठीण असते, पण ती करावीच लागते. १९६९च्या संचातील कित्येक चित्रे जुनी, बिनटोपीची आणि निर्जीव आहेत. त्यामागे दोन कारणे होती: मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडू संघटनेचा टॉप्सशी कराराचा वाद सुरू असल्याने खेळाडू छायाचित्रांसाठी उभे राहण्यास नकार देत होते, आणि त्याच वर्षी चार नवे संघ स्पर्धेत आल्याने अनेकांचे गणवेश बदलले होते. हे कळल्यावर कंपनीबद्दल सहानुभूती वाटते, पण ती गुणांत उतरू देऊ नये. दुबळे चित्र आले तरी कार्ड उभे राहते की नाही, हेच तर पाहायचे आहे. १९६५चा संच या बाबतीत भक्कम आहे, कारण खालच्या डाव्या कोपऱ्यातली संघाची पताका चेहरा साधारण असला तरी कार्डाला उत्सवाचे रूप देते.

कार्डाची झीज हा मांडणीचा दोष धरावा का? किनार छपाईत सरकली असेल तर तो कारखान्याचा दोष आहे, आणि म्हणून पारख नेहमी चांगल्या प्रतीवरच करावी. १९७१च्या काळ्या किनारीची गोष्ट वेगळी आहे. काळ्या शाईखालचा पुठ्ठा फिका असल्यामुळे कोपऱ्यावरचा एक टवका उडाला तरी तो पांढऱ्या डागासारखा डोळ्यांत खुपतो, आणि हे आखतानाच कळायला हवे होते. मी त्याचे थोडे गुण कापतो, पण याच संचातील झेलरक्षक थर्मन मन्सनचे आडवे कार्ड, होम प्लेटवरच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) धुळीसह, त्या काळ्या चौकटीत जसे उठून दिसते तसे पांढऱ्या चौकटीत दिसले नसते.

मागच्या बाजूला एकूण गुणांचा चौथा हिस्सा द्यावा, जास्त नको. आकडे दिव्याखाली ताण न पडता वाचता येतात का, आणि तिथे वाचण्याजोगे आकड्यांपलीकडे काही आहे का, एवढेच पाहावे. १९७१मध्ये टॉप्सने मागेही खेळाडूचे छायाचित्र दिले, पण त्यासाठी वर्षवार आकडेवारी गाळून केवळ गेल्या मोसमाची आणि एकूण कारकिर्दीची ओळ ठेवली. हा सौदा मला महाग वाटतो. १९८९मध्ये अप्पर डेक या कंपनीने पांढऱ्या शुभ्र पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंना रंगीत छायाचित्रे छापली, तेव्हा इतर सर्वांची मागची बाजू एकदम जुनाट दिसू लागली. १९९१च्या स्टेडियम क्लब संचाने तर किनारच काढून टाकली. चौकट गेल्यावर आखणाऱ्याचे काम नाव कुठे ठेवायचे एवढेच उरते, म्हणून किनार नसलेल्या संचांना मी आपसातच तोलतो.

गुणांची बेरीज करून क्रमवारी लावू नये; दशांशांच्या फरकाने संच वरखाली होतात आणि त्यातून काहीच कळत नाही. गुणांवरून फक्त तीन गट पाडावेत आणि प्रत्येक गटात दोन-दोन संच समोरासमोर ठेवून एकच प्रश्न विचारावा: आज यांपैकी एकाच मांडणीत नव्या खेळाडूचे कार्ड काढायचे असेल, तर कोणती घ्याल? हा प्रश्न कल्पनेतला नाही. टॉप्सची २००१पासूनची हेरिटेज मालिका जुन्या मांडण्या क्रमाने घेऊन त्यांत आजचे खेळाडू बसवते; सुरुवात १९५२च्या मांडणीने झाली आणि २०२१मध्ये १९७२ची पाळी आली. बालपणाच्या आठवणींचा चष्मा उतरवायला याहून चांगले साधन नाही, कारण तिथे मांडणी जुनी आणि चेहरे मात्र आठवणींशी नाते नसलेले असतात. तरीही आपण आठ ते बारा वर्षांचे असताना निघालेले संच यादीत कुठे आले ते वेगळ्या रंगाने खुणावून ठेवावे, आणि ते सगळेच वरच्या गटात असतील तर त्या गटाच्या जोड्या पुन्हा लावाव्यात.

यादी पूर्ण झाली की महिनाभर बाजूला ठेवून, आधीची न पाहता, नव्याने करावी. दोन्हींत जे संच जागचे हलले नाहीत त्यांचा निकाल लागला असे समजावे आणि वेळ हललेल्यांवर खर्च करावा. माझ्या दुसऱ्या फेरीत १९७३चा संच तीन जागा वर आला. पहिल्या वेळी तो मला साधा पांढरा वाटला होता. दुसऱ्या वेळी खालच्या कोपऱ्यातल्या रंगीत वर्तुळाकडे लक्ष गेले, ज्यात खेळाडूची जागा एका छोट्या काळ्या आकृतीने दाखवली आहे, आणि हातभर अंतरावरून नाव वाचता येण्याआधीच तो गोलंदाज आहे की झेलरक्षक हे मला कळले होते.