कारवानी की लॅब्रडॉर: घरासाठी कुत्रा निवडताना

सोलापूर, सांगली, लातूर या पट्ट्यातील शेतांवर दिसणारा सडपातळ कारवानी आणि शहरांतील सोसायट्यांत हमखास भेटणारा लॅब्रडॉर यांपैकी एकाची निवड करायची असेल, तर दोघांकडून पिढ्यान्‌पिढ्या कोणते काम करून घेतले गेले, हे प्रथम पाहावे. कुत्र्याचा स्वभाव त्या कामातून घडलेला असतो. शिकवणुकीने त्याला वळण लावता येते, तो पुसून टाकता येत नाही.

कारवानी हा दख्खनच्या पठारावरचा शिकारी कुत्रा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली आणि मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना या कुत्र्यांची जोडी भेट दिली. त्यामुळे मुधोळ हाउंड हे नावही त्याला मिळाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांतही तो आहे. हा कुत्रा नजरेच्या जोरावर शिकार करतो. लांबवर ससा हलला, की धन्याच्या हुकुमाची वाट न पाहता तो सुटतो आणि त्या क्षणी मागून मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

लॅब्रडॉरचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर मच्छीमारांच्या सोबतीला असत. पुढे ब्रिटनमध्ये, बंदुकीने टिपलेले पक्षी न चावता उचलून आणून देण्यासाठी ही जात घडवली गेली आणि १९०३ साली तेथील केनेल क्लबने तिला मान्यता दिली. माणसाच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवणे आणि दिसेल ती वस्तू तोंडात धरणे, या दोन्ही सवयी तेथून आल्या आहेत. चप्पल, रिमोट आणि पायपुसणे यांची पहिल्या दीड-दोन वर्षांत होणारी अवस्था हा याच गुणाचा दुसरा भाग समजावा.

आता आपल्या घराकडे पाहावे. दिवसभरात दारातून किती परकी माणसे आत येतात, हा माझ्या मते पहिला प्रश्न आहे. शिकवणीची मुले, स्वयंपाकाच्या मावशी, डबेवाला, पाहुणे अशी सतत ये-जा असेल, तर लॅब्रडॉर त्यात रमतो. कारवानी घरच्या माणसांवर जीव टाकतो, मात्र अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला सहसा आवडत नाही. येता-जाता त्याला कुरवाळण्याचा आग्रह करणारी मंडळी घरात असतील, तर त्याची कुचंबणा होते आणि क्वचित प्रसंगी तो दातही दाखवतो. लॅब्रडॉर लहान मुलांशी सहनशील असला, तरी पंचवीस-तीस किलोचा तरुण कुत्रा आनंदाने अंगावर आला की तीन वर्षांचे मूल आडवे होते. गुडघेदुखी असलेल्या आजोबांनी त्याचा पट्टा धरावा, असा बेत असेल तर तो आधीच बदलावा.

दुसरा प्रश्न जागेचा. येथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. वेगाने धावणाऱ्या कारवानीला फ्लॅट मानवणार नाही असे वाटते, पण सकाळ-संध्याकाळ मनसोक्त धावायला मिळाले, तर प्रौढ कारवानी उरलेला दिवस शांतपणे झोपून काढतो. अडचण धावण्याच्या जागेची असते. उंच कुंपण असलेले मैदान किंवा शेत हाताशी हवे, कारण कमरेइतकी भिंत तो सहज ओलांडतो आणि वाहत्या रस्त्यावर त्याला मोकळे सोडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय. त्याची मान आणि डोके जवळजवळ सारख्याच जाडीचे असल्याने साधा गळपट्टा सरकून निघतो. ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा किंवा छातीचा हार्नेस घ्यावा. घरात मांजर, ससा किंवा कोंबड्या असतील, तर कारवानीचा विचार सोडावा. घरातील सर्वजण दहा-दहा तास बाहेर राहत असतील, तर दोघांचाही सोडावा.

हवामान आणि खुराक यांचाही हिशेब मांडावा. लॅब्रडॉरच्या अंगावर थंड पाण्यासाठी घडलेला दुहेरी केसांचा थर असतो. तो वर्षभर गळतो आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जाचतो. अशा ठिकाणी त्याला सूर्य वर येण्यापूर्वी आणि रात्रीच फिरवावे, दुपारी पंख्याखाली गार फरशीवर ठेवावे. कोकणच्या दमट हवेत त्याचे लोंबते कान वरचेवर तपासून कोरडे ठेवावे लागतात. कारवानी उन्हाला सरावलेला असतो. मात्र अंगावर चरबी नसल्याने थंडीत त्याला पांघरूण आणि एरवीही जाड अंथरूण लागते, नाहीतर कोपरांवर घट्टे पडतात. गोचीड दोघांनाही सोडत नाहीत.

खाण्याच्या बाबतीत दोघे दोन टोकांना आहेत. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना २०१६ साली असे आढळले, की अनेक लॅब्रडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि असे कुत्रे अन्नासाठी अधिक हपापलेले असतात. त्याची करुण नजर खरी मानून प्रत्येकाने पोळीचा तुकडा टाकला, की वजन वाढते आणि या जातीत आधीच नाजूक असणारे खुब्याचे व कोपराचे सांधे लवकर दुखू लागतात. म्हणून जेवण मापाने वाढावे आणि हलक्या हाताने चाचपल्यावर बरगड्या लागतात ना, हे पाहावे. कारवानीच्या बरगड्या निरोगी असतानाही दिसतात. त्याला उपाशी ठेवता का, असे शेजारी विचारतील, तेव्हा त्यांच्या समाधानासाठी त्याला जाड करू नये. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर हा नजरेने शिकार करणाऱ्या हाउंड (साइटहाउंड) गटातील कुत्रा असल्याचे पशुवैद्यांना आधीच सांगावे, कारण अशा कृश कुत्र्यांना भुलीची काही औषधे जपून द्यावी लागतात.

निवड पक्की झाली, की पिल्लू त्याच्या आईसह पाहता येईल अशाच ठिकाणी जावे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि कुत्र्यांची पैदास करणाऱ्याची नोंदणी असणे बंधनकारक आहे. नोंदणीचा कागद मागावा. लॅब्रडॉरच्या आईवडिलांच्या खुब्यांचे क्ष-किरण अहवाल मागावेत, आणि विक्रेता त्यावर हसला तर दुसरीकडे जावे. कारवानीच्या बाबतीत आईचे वागणे बारकाईने पाहावे: परक्यापासून अंतर राखणारी आई चालेल, पण भीतीने थरथरणारी किंवा कोपऱ्यात दबून गुरगुरणारी असेल, तर तिची पिल्ले कितीही देखणी असली तरी घेऊ नयेत. घरी आणल्यापासून पुढचे दीड-दोन महिने कारवानीच्या पिल्लाला शांतपणे, रोज थोडी थोडी नवी माणसे, रिक्षाचा आवाज आणि लिफ्ट यांची ओळख करून द्यावी. लसी पूर्ण होईपर्यंत त्यासाठी त्याला कडेवर घेऊन हिंडवावे आणि रस्त्यावरच्या मातीत उतरवू नये.