शाळेचा प्रोजेक्टर कपाटात का जातो? या चुका टाळा

जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावी लोकवर्गणी काढून जिल्हा परिषदेच्या शाळांत डिजिटल वर्ग उभे राहिले. कुणी शंभर रुपये दिले, कुणी कांद्याच्या पट्टीतून हजार. त्या पैशातून घेतलेला प्रोजेक्टर दोन वर्षांत ‘खराब’ म्हणून ऑफिसच्या कपाटावर जाऊन बसतो, हे बघून जीव तुटतो. आजूबाजूच्या शाळांतले असे काही प्रोजेक्टर मी हाताळले. बहुतेकांचं दुखणं एकच निघालं. ते तापून तापून थकले होते, आणि तापवलं आपणच होतं.

तास संपला, प्लग ओढला

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. शाळांत आलेले जुने प्रोजेक्टर बहुतांशी दिव्याचे आहेत. त्या दिव्यात क्वार्ट्झची बोराएवढी नळी असते आणि तिच्यात पाऱ्याची वाफ. दिवा पेटला की आतला दाब वातावरणाच्या सुमारे 200 पट होतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन पट असतो, यावरून अंदाज घ्या. नळीची भिंत हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. रिमोटवरचं बटण दाबल्यावर दिवा विझतो, पण पंखा अजून एक-दोन मिनिटं फिरत राहतो, तो ही उष्णता बाहेर काढण्यासाठी. घंटा झाली म्हणून त्याच क्षणी बोर्डावरचं बटण बंद केलं की सगळी धग आतच कोंडते. नळी हळूहळू पांढुरकी होते, प्रकाश मंदावतो आणि शेजारचे नाजूक भागही भाजून निघतात.

म्हणून पंखा थांबेपर्यंत थांबायचं. हजेरीपुस्तक आवरेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

याचीच दुसरी बाजू म्हणजे लगेच पुन्हा चालू करण्याची घाई. गरम दिव्यात दाब इतका असतो की ठिणगी पडत नाही. आपण पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतो आणि दर प्रयत्नाला आतली टोकं झिजतात. दोन तासांच्या मध्ये थोडाच वेळ मोकळा असेल तर प्रोजेक्टर बंद करू नका, पडदा काळा करणारं बटण रिमोटवर असतं, ते वापरा.

वीज मात्र आपल्या हातात नसते. भर तासात लाइट गेली की प्लग ओढल्यासारखंच होतं. त्यासाठी कॉम्प्युटरचा साधा यूपीएस पुरतो. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो आणि शाळेतला प्रोजेक्टर बहुधा 250 ते 300 वॅट घेतो. बॅटरी धड असेल तर तो तीन-चार मिनिटं सहज तग धरेल. लाइट गेली की लगेच दिवा बंद करायचा आणि पंख्याला त्याचं काम करू द्यायचं. त्याच यूपीएसवर स्पीकर आणि लॅपटॉप लादू नका.

‘लॅम्प गेलाय’ यावर लगेच विश्वास ठेवू नका

आमच्या शाळेचा प्रोजेक्टर दर पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायचा, लाल दिवा लुकलुकायचा. तपासायला आलेल्या माणसाने लॅम्प बदला म्हणून सांगितलं. त्या किमतीत आमच्या वाचनालयाची वर्षाची पुस्तकं आली असती. पैशांची जुळवाजुळव चालू असतानाच बाजूचं झाकण उघडून पाहिलं, तर हवेच्या फिल्टरवर खडूच्या भुकटीची आणि मैदानातल्या मातीची गोधडी बसलेली. ती झाडली, आणि तोच लॅम्प पुढे दोन वर्षं चालला.

म्हणून प्रोजेक्टर मधेच बंद पडला तर आधी कोणता दिवा लुकलुकतोय ते बघा. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांवर तापमानाचा आणि लॅम्पचा इशारा वेगवेगळा असतो. तापमानाचा असेल तर फिल्टर काढा. प्लग काढून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढा. माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय फिल्टर पाण्यात बुचकळू नका. जिथे अजून खडू-फळा आहे, तिथे उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा हे करावंच लागतं. काही मॉडेलना फिल्टरच नसतो, तिथे निदान जाळीवरची धूळ बाहेरच्या बाहेर ओढून घ्या. फुंकर मारून ती आत ढकलू नका.

चोरीच्या भीतीने प्रोजेक्टर लोखंडी पेटीत बसवून पुढे काचेएवढं भोक ठेवलेलंही मी पाहिलंय. भीती खरी आहे, पण त्या पेटीची भट्टी होते. चहूबाजूंनी निदान वीतभर मोकळी जागा हवी, आणि पत्र्याऐवजी जाळीचा पिंजरा करा. टेबलावर ठेवताना खाली चादर अंथरू नका, कारण काही यंत्रं पोटाखालून हवा ओढतात.

मेनूतला ‘हाय अल्टिट्यूड’ पर्याय कुणीतरी चुकून चालू करतं आणि मग पंखा एवढा घरघरतो की यंत्र बिघडलं असं वाटतं. तो पर्याय साधारण 1500 मीटरवरच्या गावांसाठी आहे. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाईच 1646 मीटर, आणि महाबळेश्वरसारखं उंचावरचं गावही त्या रेषेच्या खालीच. तेव्हा आपल्या शाळांत तो बंदच ठेवावा.

चित्र तिरकं, अक्षरं पुसट

प्रोजेक्टर खाली ठेवायचा, पुढच्या पायाखाली डस्टर आणि दोन वह्या सारायच्या आणि चित्र फाकलं की कीस्टोनचं बटण दाबत राहायचं, ही सवय सोडा. कीस्टोनने चौकट सरळ दिसते ती चित्रबिंदू कापून आणि दाबून. 1024 बाय 768 च्या यंत्रात मुळातच बिंदू कमी. ते गेले की आधी मार बसतो तो रफाराला, अनुस्वाराला आणि जोडाक्षरांना. ‘मर्म’ आणि ‘मम’ यांतला फरक शेवटच्या बाकावरच्या पोराला दिसला नाही, तर त्या पडद्याचा काय उपयोग?

प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर मध्यावर, भिंतीशी काटकोनात आणि भिंग पडद्याच्या खालच्या कडेच्या उंचीला येईल असा ठेवून बघा, कीस्टोन शून्यावर असूनही बहुधा चित्र सरळ येतं. छताला टांगलात तर यंत्र उलटं करून भिंग वरच्या कडेला आणायचं आणि मेनूत छताचा पर्याय निवडायचा. अंतर ठरवायला खोक्यावरचा थ्रो रेशो बघा, म्हणजे अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट हवं तो आकडा. तो 1.5 असेल तर 2 मीटर रुंद चित्रासाठी 3 मीटर अंतर लागेल. ड्रिल हातात घेण्याआधी हा गुणाकार करा.

पडद्यावर चित्र फिकट येतं तेव्हा लॅम्पला दोष देण्याआधी खिडकीकडे बघा. प्रोजेक्टरला काळा रंग फेकताच येत नाही. जिथे काळं हवं तिथे तो फक्त प्रकाश अडवतो, आणि मग भिंत मुळात जेवढी उजळ असेल तेवढंच ‘काळं’ आपल्याला दिसतं. म्हणून खिडक्यांच्या जाड गडद पडद्यांवर खर्च केलेले पैसे जास्त कामी येतात.

नवा प्रोजेक्टर घेताना नुसत्या ‘9000 ल्युमेन’ अशा आकड्याला भुलू नका, एएनएसआय ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. वर्गाला 3000 तरी हवेत. ‘1080पी सपोर्ट’ याचा अर्थ तेवढं चित्र तो फक्त स्वीकारतो. दाखवताना त्याचे स्वतःचे बिंदू 800 बाय 480 एवढेच असू शकतात. ‘नेटिव्ह’ किती, हा प्रश्न दुकानातच विचारा.

‘नो सिग्नल’

नव्वद टक्के घाबरगुंडी इथेच उडते, आणि इलाज मिनिटाचा असतो. प्रोजेक्टरवर सोर्स बरोबर निवडा, मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ घ्या. व्हीजीए केबलवर सगळं चित्र पिवळं दिसलं तर निळ्याची पिन, गुलाबी-जांभळं दिसलं तर हिरव्याची आणि निळसर-हिरवं दिसलं तर लाल रंगाची पिन वाकलेली किंवा सैल आहे. चित्र मधूनमधून जात असेल आणि एचडीएमआय केबल 10 मीटरहून लांब असेल, तर आधी छोटी केबल लावून बघा. मोबाइल जोडताना लक्षात ठेवा, टाइप-सी भोक असलेला प्रत्येक फोन चित्र बाहेर देतोच असं नाही.

पडद्यावर धुरकट डाग दिसला तर फोकस थोडा हलवा. तरीही डाग तसाच राहिला किंवा उलट रेखीव झाला, तर धूळ आत, चित्र बनवणाऱ्या काचेजवळ गेली आहे. ते काम जाणकाराचं. भिंग स्वतः पुसायचं तर आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मायक्रोफायबरचं कापड. शर्टाचं टोक नको, काच पुसायचा फवाराही नको.

सुट्टी आणि पावसाळा

मे महिन्यात बंद खोलीत पाली, झुरळं आणि मुंग्यांना यंत्राच्या भोकांतली ऊब आवडते. पूर्ण गार झालेला प्रोजेक्टर कापडाने झाका आणि जूनमध्ये चालू करण्याआधी ते कापड आठवणीने काढा. कोकणातल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. तिथे सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालवा.

लॅम्प खरंच बदलायची वेळ आली तर नव्याच्या काचेला उघडं बोट लावू नका, कारण बोटाच्या तेलाचा डाग तापून तिथेच काच कमजोर होते. तास मोजणारा आकडा लॅम्प बदलल्यावरच शून्य करा. नुसता इशारा घालवण्यासाठी तो शून्य केलेला मी पाहिलाय, आणि नंतर लॅम्प फुटलेलाही. फुटला तर मुलांना लगेच बाहेर न्या, खिडक्या उघडा आणि अर्धा तास कुणाला आत सोडू नका, कारण त्यात पारा आहे. जुना लॅम्पही शाळेच्या उकिरड्यावर न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. तोपर्यंत तो नव्याच्या खोक्यात घालून, वर मार्करने ‘पारा’ असं लिहून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा.