आधी विचारा: कितवं वेत?

पशुवैद्यकीच्या इंटर्नशिपच्या पहिल्याच महिन्यात एका सहाव्या वेताच्या, म्हणजे सहाव्यांदा व्यालेल्या, गाईपाशी माझी फजिती झाली. मालक म्हणाला, "तीनदा रेतन केलं, उलटतेच आहे." म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येत होती. मी गर्भाशयाचा दाह गृहीत धरून प्रतिजैविक लिहायला घेतलं. सोबतच्या मॅडमनी स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन) घालून टॉर्च मारला. गर्भाशयमुखाशी पिवळसर पाणी साचलं होतं. "वास घे." लघवी होती! वेतावेतानं आधार ढिले पडून योनी पुढं पोटाकडं उतरली होती आणि लघवीचा काही भाग बाहेर पडण्याऐवजी आत ओघळत होता. अशा जागी रेत टिकणार कसं?

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला: कितवं वेत?

हात घालायच्या आधी दोन मिनिटं जनावराच्या मागं नुसतं उभं राहा. निरण (योनीचं बाहेरचं तोंड) उभं आहे की कललेलं? गुदद्वार आत ओढलं गेलंय? शेपटीच्या मुळाशी खड्डे पडलेत? विण्याच्या तोंडावर ते पडणारच, एरवी दिसले तर मात्र विचार करा.

एक गोष्ट मला उशिरा कळली. पेल्व्हिक फ्लोअरवरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवरचं, बहुतेक लिखाण बायकांबद्दल आहे. ते गाईला जसंच्या तसं लावू नका. माणूस उभा चालतो, म्हणून तो तळ अवयवांचा भार पेलतो. गाईचा भार पोटाच्या भिंतीवर. तिच्या त्या स्नायूंना शेपूट हलवायचं कामही असतं. संशोधनात जायचं असेल तर उंदीर आणि सशांवरचं काम आधी वाचा. उंदरात गाभणपणीच या स्नायूंचे तंतू लांबतात, म्हणजे ताण येण्याआधीच तयारी होते. हे वाचून मी चकित झालो होतो.

म्हशींत दुसरंच दुखणं. गाभणपणाच्या शेवटच्या दोनेक महिन्यांत "बसली की अंग दिसतं, उठली की आत जातं" अशी तक्रार येते; अंग म्हणजे बाहेर येणारी योनी. इथं सगळं खापर वेतांवर फोडू नका. वाढलेलं इस्ट्रोजेन, कॅल्शियमची कमतरता, मागं उतार असलेला गोठा, यातलं काहीही असू शकतं. पहिलारू (पहिल्याच वेताच्या) म्हशीचंही अंग आलेलं मी पाहिलंय.

बाहेर आलेलं अंग बसवताना आधी एपिड्युरल (मणक्यातलं भुलीचं इंजेक्शन) द्या, म्हणजे जनावराचं कुंथणं थांबतं. मग अंग स्वच्छ धुऊन वर उचला; दबलेला मूत्रमार्ग मोकळा होऊन बऱ्याचदा लघवीची धार लागते आणि निम्मं काम होतं. बोटं रुतवू नका, तळव्यानं रेटा. टाके घातलेत तर विण्याआधी ते सोडायचे, हे मालकाला दोनदा सांगा आणि त्याच्याकडून वदवून घ्या.

त्या गाईला पुढच्या माजाला साचलेली लघवी काढून रेतन केलं. तरी ती उलटलीच. पण आठ लिटर दूध देत होती, म्हणून मालकानं ठेवली.