स्पिटफायरच्या गोळ्या वाया जात होत्या, त्याचा इलाज

आयएल-२ ग्रेट बॅटल्स या विमानयुद्धाच्या कॉम्प्युटर गेमच्या सर्व्हरवर १०९च्या (जर्मन मेसरश्मिट लढाऊ विमानाच्या) शेपटीवर पोचायचं आणि सगळा दारूगोळा हवेत उडवायचा, हे ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर मार्क ९ उडवणाऱ्यांचं नेहमीचं रडगाणं. नेम बरा असतो. घोळ इतरत्र असतो.

पहिला घोळ कन्व्हर्जन्सचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या धारा ज्या अंतरावर एकत्र येतात त्याचा. तोफा पंखांत आहेत. २०० मीटरवर जुळवलेल्या धारा पुढे एकमेकींना ओलांडतात आणि ४०० मीटरवर पुन्हा तोफांमधल्या अंतराइतक्या फाकतात. १०९ मधून अलगद निसटतं. उड्डाणाआधी कन्व्हर्जन्स २०० करा आणि तेवढं जवळ जाईपर्यंत ट्रिगरला हात लावू नका. अवघड भाग हाच.

दुसरा घोळ घसरण्याचा. वेग बदलला की नाक बाजूला सरकतं, धार तिरकी जाते. स्पिटफायरच्या टर्न-स्लिप यंत्रात (वळण आणि घसरण दाखवणाऱ्या) चेंडू नसतो, दोन सुया असतात. वरची, घसरण दाखवणारी सुई पेडलने मधोमध आणा, मग झाडा. डाइव्हमध्ये रडर ट्रिमही (शेपटीच्या उभ्या सुकाणूचा कल ठरवणारी कळ) हलवावा लागतो.

आता लीड, म्हणजे शिकारीच्या किती पुढे नेम धरायचा ते. गोळा २०० मीटर जायला साधारण पाव सेकंद लागतो. ताशी ४०० किमीने आडवं जाणारं विमान तेवढ्यात २८ मीटर सरकतं, म्हणजे १०९च्या तीन लांब्या! बहुतेक जण एकच धरतात. वळणात एवढी लीड घेतली की शिकार नाकाखाली झाकली जाते, म्हणून आधी वळणाचं प्रतल जुळवा, अर्ध्या सेकंदाचा झटका द्या, नाक सैल सोडून बघा.

उड्डाणाचा ट्रॅक गेममध्येच रेकॉर्ड करून बाहेरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, की गोळे मागे पडतात की बाजूला, ते लगेच कळतं.