भुलाबाईची गाणी नोंदवताना या चुका टाळा

वऱ्हाडात भुलाबाईची, म्हणजे त्या सणात मुली-बाया म्हणतात ती, गाणी जमवायला बसलं की हात आधी एक्सेलकडे जातो. गाणं, गाणारी, गाव, तारीख. एका गाण्याला एक ओळ. वीस-तीस गाण्यांपर्यंत काही खटकत नाही. मग तेच गाणं म्हणणारी दुसरी आजी भेटते आणि तिच्या गाण्यात दिराच्या जागी सासरा न्यायला येतो. अशी एक ओळ मी 'डुप्लिकेट' समजून उडवली होती. पुढच्या कोजागिरीला त्या आजी नव्हत्या.

गाणं वेगळं आणि ते एका संध्याकाळी कुणीतरी म्हणणं वेगळं. दोन्हींची टेबलं वेगळी करा. वारशाच्या नोंदींसाठी असलेलं सीआयडॉक सीआरएम हे मॉडेल (आयएसओ २११२७) घटनेला मध्यभागी ठेवतं, ते याचसाठी. शीट आधीच भरली असेल तर एकही ओळ पुसू नका. प्रत्येक ओळ 'गायन' टेबलात घ्या, क्रमांक द्या आणि ती कोणत्या गाण्याला जोडायची हे रेकॉर्डिंग ऐकूनच ठरवा.

सगळ्यात फसवा रकाना गावाचा. "गाव कोणतं लिहू?" असं एका मावशींना विचारलं, तर त्यांनीच विचारलं, "माहेरचं का सासरचं?" गाणं आईकडून माहेरी शिकलेलं, आता सासरी नातींना शिकवतात. लेकीबाळींबरोबर गाणी गावं बदलतात, हा प्रवास एका रकान्यात मावत नाही. कुणाकडून शिकली, कुठे शिकली, कुठे म्हटलं, असे तीन दुवे ठेवा.

तारखेचंही तसंच. भुलाबाई बसते भाद्रपद पौर्णिमेला, उठते कोजागिरीला. कोजागिरी २०२३ मध्ये २८ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये १६ ऑक्टोबरला. तिथी आणि रेकॉर्डिंगची तारीख वेगवेगळ्या लिहा, नाहीतर पुढे सणाप्रमाणे शोधताच येणार नाही.

'जवय'चं 'जवळ' करू नका. गायलं तसं लिहा, शोधासाठी प्रमाण रूप शेजारच्या रकान्यात. भाषेपुढे नुसतं 'मराठी' नको. वऱ्हाडी-नागपुरीला आयएसओ ६३९-३ या भाषांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतंत्र कोड आहे.

आणि परवानगी गायनाला जोडा, गाणाऱ्या बाईला नव्हे. एका आजींनी पाच गाणी मोकळेपणाने दिली, सहाव्याला माझा हात धरला: "हे माणसायसमोर नोको लावजो, बापू." त्या नोंदीपुढे 'फक्त बायांसाठी' असं लिहिलंय, आणि ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये आहे.