पक्ष्यांमागे धावू नका, फुललेल्या पळसापाशी बसा
फाल्गुनात गावाकडे पक्षी बघायला जाणार असाल, तर दिवसभर रानोमाळ भटकण्यापेक्षा एखादा फुललेला पळस, पांगारा किंवा काटेसावर गाठा. ही झाडं पानं गाळून फुलतात, त्यामुळे पक्षी सहज दिसतो. उजाडायच्या आत पोहोचा, ऊन पाठीशी येईल असे वीस-पंचवीस पावलं लांब बसा आणि अर्धा तास हलू नका. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर येतील. कोतवालही मधाला येतो, तोंडाला पराग माखून घेतो. नशीब असेल तर गुलाबी-काळ्या भोरड्यांचा थवाच उतरेल. त्यांना पळसमैना उगाच नाही म्हणत! एप्रिलच्या सुमारास त्या मध्य आशियाकडे परततात, म्हणून उशीर करू नका.

८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. कपडे मातकट रंगाचे घाला. ऊन चढलं की पाणवठ्याकडे वळा.

घरटं दिसलं तर मात्र लगेच मागे फिरा. फोटोसाठी फांद्या बाजूला केल्या की ते कावळ्यांच्या नजरेला उघडं पडतं. आणि शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. पिंगळा कुठल्या ढोलीत बसतो, हे बहुतेकदा त्यालाच ठाऊक असतं.