पाण्याखाली दिशा कशी सांभाळायची

स्कूबा डायव्हिंग करताना कंपास, म्हणजे होकायंत्र, वापरणं अवघड नाहीये, अवघड आहे तो सरळ धरणं. कंपासवर मधोमध एक रेघ असते, ती रेघ आणि तुमचं डोकं, कंबर, पाय सगळं एका लायनीत पाहिजे. मनगटावर बांधलेला असेल तर दुसरा हात समोर ताठ करा आणि कंपासवाल्या हाताने त्याचं कोपर पकडा, कंपास बरोबर नाकासमोर येतो. आणि सपाट धरा, जरा कलला की सुई आत अडकते आणि तुम्ही मजेत भलतीकडे निघालेले असता.

आता रेघ जायचंय तिकडे करा, बाहेरची रिंग फिरवून तिच्या दोन खुणांच्या मधे उत्तरेची सुई आणा, मग फक्त सुई खुणांमधे ठेवत पोहत राहा. परत यायचं तर रिंगला हात नाही लावायचा, स्वतः वळायचं, सुई त्या खुणांच्या बरोबर उलट बाजूला आली की थांबा. आकड्यांत बघायचं तर जाताना ४० असेल तर येताना २२०. चौकोन मारायचा तर दरवेळी ९० अंश. हे सगळं आधी जमिनीवर मोकळ्या मैदानात करून बघा, डोक्यावर टॉवेल घेऊन फक्त कंपासकडे बघत चाला, लोक हसतील, हसू देत.

बडीचा, म्हणजे जोडीने डाइव्ह करणाऱ्याचा, स्टीलचा हवेचा टँक, बुडालेलं लोखंडी जहाज, चुंबकाचा स्विच असलेला टॉर्च, यांच्याजवळ सुई खोटं बोलते. बाकी वेळी मात्र मन कितीही म्हणू दे "चुकतोय", ऐकायचं कंपासचंच.

अंतरासाठी किक मोजा. ३० मीटरची दोरी टाकून तेवढ्यात उजव्या पायाच्या किती किक लागतात ते नेहमीच्या वेगाने बघून ठेवा. करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, असला की हे गणित गडबडतं, म्हणून सुरुवात करंटच्या विरुद्ध करायची, येताना दमलेलं असताना तोच ढकलतो. नजरेवर अंतराचा अंदाज बांधू नका, पाण्यात सगळं जवळ आणि मोठं दिसतं. बोटीच्या आवाजावरूनही दिशा कळत नाही, पाण्यात आवाज चौपट वेगाने येतो त्यामुळे तो चहूकडून आल्यासारखा वाटतो.

उतरण्याआधी सूर्य कुठल्या बाजूला, किनारा कुठे, करंट कुठून ते बघून घ्या. तळाच्या वाळूवरच्या वळ्या बहुतेक वेळा किनाऱ्याला समांतर असतात, हे फार कामाला येतं. रीफ, म्हणजे प्रवाळाची किंवा खडकांची रांग, जाताना उजव्या खांद्याला तर येताना डाव्या. आणि मधेमधे मागे वळून बघत जा, परतीच्या बाजूने तोच खडक ओळखू येत नाही.

हरवलात तर उगाच शोधत हवा संपवू नका. बडीला खूण करा, दोघं मिळून सावकाश वर, ५ मीटर खोलीवर ३ मिनिटं थांबा, बोटींची ये-जा असेल तर तिथूनच बॉय, म्हणजे वर तरंगणारा खुणेचा फुगा, सोडा. वर आल्यावर कंपासची रेघ बोटीच्या दिशेला धरा, हवा कमी असेल तर वरूनच पोहत जा.